राहुरी नावाची फाईल

निवेदितानं कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला, आतली धूळ ब्रशनं झाडली आणि कॉम्प्युटर चालू करून हार्ड डिस्कवर तळहात ठेवला. डिस्क फिरली, दोनदा टक् टक् वाजली, थबकली आणि पुन्हा फिरली.

"गेली का?" शामकांतनं दारातूनच विचारलं.

"अजून नाही. केबल बदलून पाहिली, पॉवरची पिनही बदलली. दोष आतच आहे. वीसेक मिनिटं नीट चालते, तापली की कॉम्प्युटरला दिसेनाशी होते. थंड असेल तेव्हा थोडं थोडं उतरवून घ्यावं लागेल."

"दुकानातला म्हणाला, फेकून द्या."

"मग फेकायची का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. हेच उत्तर येणार, हे तिला ठाऊक होतं.

कॉम्प्युटर मृणालचा होता. शामकांतची पहिली बायको. राहुरीच्या कृषी विद्यापीठात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. रोज या घरून, सावेडीहून, एसटीनं जायची, यायची. चौदा वर्षांपूर्वी डेंग्यूनं आठ दिवसांत गेली. निवेदिता या घरात आली त्याला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत दर रविवारी सकाळी शामकांत आतल्या खोलीत जाऊन हे यंत्र सुरू करायचा आणि अर्ध्या तासानं बाहेर यायचा. दार उघडंच असायचं. तरी निवेदिता त्या वेळी तिकडे फिरकत नसे. ती शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची, पण या एका यंत्राबद्दल त्यानं तिला कधी काही विचारलं नव्हतं. गेल्या रविवारी ते मध्येच बंद पडलं, तेव्हा विचारलं.

"आधी काय घेऊ?" तिनं विचारलं.

"जे निघेल ते घे," असं म्हणून तो भाजी आणायला गेला. थांबला असता तर तिला बरं वाटलं असतं, असंही नाही.

फरशी पुसायला आलेल्या केशरबाई उंबऱ्यात थबकल्या. त्या या घरात पहिल्यापासून होत्या.

"ह्यो डबा अजून चालतोय व्हय? आधीच्या बाई कुनाला हात लावू देत न्हवत्या. साहेबांना पन न्हाई."

"तुम्ही बाहेरची खोली घ्या आधी," निवेदिता म्हणाली. आवाज जरा चढलाच.

तिनं डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. मातीच्या नमुन्यांचे तक्ते, प्रबंधाची प्रकरणं, पत्रव्यवहार, सगळं नीट लावलेलं. एक फोल्डर नुसता फोटोंचा होता. निवेदितानं तक्ते आधी घेतले. मग प्रबंध. फोटो तिनं शेवटी ठेवले आणि का ठेवले हे स्वतःला विचारलं नाही. पंधरा मिनिटं झाली तसा डिस्कचा आवाज जड झाला. मे महिना होता. तिनं डिस्ककडे वळवलेला टेबलफॅन बंद केला.

आवाज आणखी जड झाला. तिनं मनात आकडे मोजायला सुरुवात केली. तीसपर्यंत आली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. तिनं पुन्हा फॅन लावला, डिस्क बंद केली आणि ती निवेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या खेपेला तिनं फोटोच घेतले. मुळा धरणाच्या भिंतीवर उभी असलेली मृणाल, प्रयोगशाळेत मृणाल. उंच, सावळी, हसताना मान किंचित मागे टाकणारी. फोटो उतरत असताना निवेदितानं ते शेवटचे कधी उघडले गेले होते, त्या तारखा पाहिल्या. दहा वर्षांत एकही फोटो उघडलेला नव्हता. मग तिनं सगळ्याच फायली तारखेप्रमाणे लावल्या. गेल्या रविवारी उघडलेली फाईल एकच होती. नाव होतं 'राहुरी'.

आत दीड पानाचं, कधीही न पाठवलेलं पत्र होतं.

'मी राहुरीला क्वार्टर घेऊन राहायचं ठरवलं आहे. भांडण नाही. तू वाईटही नाहीस. पण मी बोलायला लागले की माझं वाक्य तूच पुरं करतोस आणि मग ते तुझंच होऊन जातं. सहा वर्षांत मी तुला एकही गोष्ट शेवटपर्यंत सांगू शकलेली नाही.'

निवेदितानं ते दोनदा वाचलं. या घरात तिला एकाच गोष्टीचा अभिमान होता. शामकांत ऐकून घेतो. शाळेतली कटकट असो की बहिणीचं रडगाणं, ती थांबेपर्यंत तो मध्ये बोलत नाही. 'असा नवरा मिळायला नशीब लागतं,' असं बहीण म्हणायची, आणि निवेदिताला वाटायचं, हे तरी माझं एकटीचं. तिनं फोटोतल्या त्या मागे टाकलेल्या मानेकडे पुन्हा पाहिलं. त्याचं हे ऐकून घेणंही मृणालनंच करून ठेवलेलं होतं.

शामकांत पिशवी घेऊन आला आणि तिच्या खांद्यामागे उभा राहिला. स्क्रीनवर पत्र तसंच होतं.

"ती गेल्यावर सापडलं मला," तो म्हणाला. "वाचलंस?"

"हो."

"मग सांग. मी अजून तसाच आहे का?"

उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते द्यायला तिनं वेळ लावला. तो थांबून राहिला. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं श्वास सोडला. खुर्ची ओढून बसला, चष्मा काढून डोळे पुसले. "मग ती एवढी फाईल नको उतरवूस. डिस्कबरोबर जाऊ दे. माझं झालं वाचून."

डिस्क पुन्हा टक् टक् करायला लागली होती. निवेदितानं फॅन जवळ ओढला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला हवीय."