माझी लाल दांडी

ट्रॅक्टर बंद आहे तोवर बोलून घेतो. एकदा तो सुरू झाला की माझं कुणाला ऐकू जात नाही.

मी चिपर. ट्रॅक्टरच्या जोरावर फांद्या गिळून त्यांचा चुरा करणारं यंत्र. सिंदी रेल्वे गावाकडची माणसं मला भुसा मशीन म्हणतात. माझं तोंड बघून वाटतं, हा कुणाला भिणार? पण खरं सांगतो, माझ्याइतकं भित्रं यंत्र अख्ख्या तालुक्यात नसेल. मला भीती वाटते ती माझ्याच तोंडाची. आत फांदी ओढून घेणारे दोन फिरते रूळ आहेत आणि त्यांच्यामागे पाती. रुळांनी एकदा धरलं की सोडणं त्यांना माहीत नाही. बाभळीची फांदी कुठली आणि माणसाचा हात कुठला, हे मला कळतं. त्यांना कळत नाही.

कारखान्यात मला जोडणाऱ्या माणसानं सगळ्यात शेवटी तोंडावर एक लाल दांडी बसवली. ती ढकलली की रूळ जागच्या जागी थांबतात. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मनोहररावांनी मला विकत घेतलं ते पांदण रस्ते मोकळे करायला. शेतात जाणाऱ्या या वाटा बाभळी-बोरींनी पार बुजून गेलेल्या असतात. कारखान्याचा माणूस शिकवायला आला होता. गळ्यात, डोक्याला मोकळं कापड नको. हात तोंडाशी नको. काही अडकलं तर आधी ट्रॅक्टर बंद. आणि रोज काम सुरू करण्याआधी लाल दांडी ढकलून बघायची. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्याला चहा पाजला आणि स्टेशनवर सोडून आले. सोबतचं हेल्मेट आणि चष्मा मनोहररावांनी घरच्या कपाटात ठेवून दिले. नवीन आहेत, मळतील म्हणून.

मला चालवायचा रूपराव. त्याची बायको रुख्मिणी तोडलेल्या फांद्या ओढून आणायची. कामावर मला भिणारी ती एकटीच होती, म्हणून मला ती फार जवळची वाटायची. ती माझ्यापासून चार हात लांब उभी राहायची आणि नवऱ्यावरची नजर हलवायची नाही.

एका अमावस्येला तिनं लिंबू-मिरची आणली. नवऱ्याला काही होऊ नये म्हणून. बांधायला तिला माझी लाल दांडी सोयीची वाटली. नुसत्या दोऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. तिनं बारीक तार घेतली, दांडीला आणि माझ्या तोंडाच्या काठाला वेढे दिले आणि पकडीनं पीळ मारून घट्ट केली.

"काऊन भेऊन राह्यली एवढी?" रूपराव हसत म्हणाला. "मले काई होत नाई."

"वाटेनं धक्के लागते. पडाले नको," ती म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. अगं, तू माझा लगामच बांधलास, असं मला सांगायचं होतं. पण माझी बोली म्हणजे नुसती घरघर, ती कोण ऐकणार?

पुढे भर उन्हाळ्यात ते घडलं. वर्धेचं ऊन, रूपरावनं डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, त्याचं एक टोक खाली लोंबत होतं. बाभळीचा काटा त्या टोकात रुतला आणि फांदीबरोबर दुपट्टा आत यायला लागला. त्याची मान माझ्याकडे ओढली गेली. सोडवायला त्यानं हात घातला. रुळांनी हात धरला.

रुख्मिणी धावत आली आणि तिनं दांडी ढकलली. दांडी हलली नाही. तिनं सगळं अंग घालून रेटली. तार जराही ढिली झाली नाही. मी तिच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो आणि तरीही फिरत होतो. मग ती ट्रॅक्टरकडे पळाली आणि बंद करायची खुंटी ओढली.

मान वाचली, हातही वाचला. दोन बोटं गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. इकडे जो तो म्हणे, नजर लागली. तार कुणालाच दिसली नाही. रुख्मिणीला दिसली होती, पण ती गप्प राहिली.

आज सकाळी काम पुन्हा सुरू व्हायचं होतं. मनोहरराव नारळ, हार आणि लिंबू-मिरचीच्या दोन नव्या माळा घेऊन आले.

"नजर जबर होती बाई. या वक्ती दोन बांधू, चांगल्या जाड तारेनं."

ते दांडीपाशी आले तशी रुख्मिणी मध्ये उभी राहिली.

"भाऊ, मागची तार मीच बांधली होती. म्या ढकलली, पन दांडी हललीच नाई." तिनं ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. "लिंबू ट्रॅक्टरच्या आरशाले बांधा. देवाले हात जोडाले आधी हात पाह्यजे."

तिनं पकड घेतली आणि जुनी तार वेढा वेढा करून काढली. मग रूपरावला ट्रॅक्टर सुरू करायला लावलं आणि तोंडात काही नसताना दांडी ढकलली. रूळ थांबले. तिचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा फिरवायला लावले, पुन्हा ढकलली. पुन्हा थांबले. मग ती खाली बसून रडली.

आता रूपरावनं ट्रॅक्टर बंद केलाय आणि तो डोक्याचा दुपट्टा सोडून सीटवर ठेवतोय. थोड्या वेळात माझं काम सुरू होईल आणि मी अजूनही भितोच आहे. उद्या कुणी त्या दांडीला डब्याची पिशवी अडकवील, कुणी पाण्याची कॅन. तुम्ही माझ्यासारख्या कुणाजवळ काम करत असाल तर हात जोडतो म्हणालो असतो, पण मला हात नाहीत. चालवण्याआधी एकदा मला थांबवून बघा. माझं मला थांबता येत नाही.