एकदा विणून उसवलेली लोकर

मी क्रोशाची सुई बोलतेय. नावाला सुई, पण मला ना टोचायला टोक, ना दोरा ओवायला नेढं. पुढे एक वाकडी चोच तेवढी आहे. त्या चोचीने दोरा पकडायचा, फासातून ओढायचा, पुन्हा पकडायचा. जन्मभर एवढंच केलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळीच.

एका कारखान्यात लांबलचक तारेचे तुकडे करून आम्हा बहिणींना घडवलं. मग पुठ्ठ्यावर टाचून दुकानात टांगलं. तिथून मला जिने उचललं, तिला सगळे सिस्टर म्हणत. ती इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत काम करायची. पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजायची, हे तिचं काम. तिने "बरोबर" म्हटल्याशिवाय मोठे मोठे डॉक्टरसुद्धा टाका घालत नसत. "तीस वर्षांत एक बोळा आत राहिला नाही," असं ती सांगायची तेव्हा तिची मान आपोआप ताठ व्हायची.

मलाही ती शस्त्रासारखी धरायची. घट्ट नाही, पण हलू द्यायची नाही.

तिच्या दोन मैत्रिणी होत्या. एक शाळेतल्या बाई, दुसरी उंच म्हणून लांबी. लांबी टपालखात्यातून निवृत्त झाली होती. तिघी दरवर्षी दोन दिवस समुद्रकाठच्या एका भाड्याच्या घरात राहायच्या. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. दमट हवेने कपाटाचे खण फुगलेले, ते उघडायला पाय लावून ओढावं लागे. स्वयंपाक जेमतेम, फिरणं त्याहून कमी. सकाळपासून तिघी खुर्च्या ओढून विणत बसायच्या.

त्यांचा एक नियम होता. जी मोजत असेल तिने डाव्या हाताचं बोट वर करायचं, आणि ते खाली येईपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. नियम मोडायची ती लांबीच. सिस्टरचं बोट वर गेलं रे गेलं की ही ओरडणार, "सतरा! बेचाळीस! अकरा!"

"मेले, जीभ शिवून टाकीन तुझी," सिस्टर म्हणायची. पण तिचा आकडा कधी चुकायचा नाही.

त्या वर्षी सिस्टरने बाळाची दुलई विणायला घेतली. तिच्या लेकीला दिवस गेले होते. ओळ नव्वद टाक्यांची होती. शनिवारी सकाळी तिने बोट वर केलं आणि लांबी समुद्राकडे बघत बसली.

"का गं, आज आकडे नाही ओरडलीस?" सिस्टरने विचारलं.

"घसा बसलाय," लांबी म्हणाली.

तिचा घसा चांगला होता. थोड्याच वेळापूर्वी ती दूधवाल्याशी तावातावाने भांडली होती.

मला मात्र कळत होतं. दर ओळीच्या शेवटी सिस्टर एखादा टाका सोडून देत होती. कधी मधेच थांबायची, हातातल्या कामाकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बघायची आणि मनाला येईल त्या आकड्यापासून पुढे मोजायची. दुपारपर्यंत दुलईची एक कड तिरकी आत आली होती. मी चोचीने लोकर धरून ठेवू शकते, बोलू शकत नाही.

जेवण झाल्यावर सिस्टर आत झोपली. बाईंनी दुलई उचलली, उजेडात धरली आणि लांबीकडे पाहिलं.

"एक्याऐंशी."

"उसव," लांबी म्हणाली. "ती उठायच्या आत व्हायला हवं."

नऊ ओळी उसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. उसवणं फार सोपं असतं. मग बाईंनी मला खडूसारखं धरलं आणि भराभरा विणलं. त्यांचा हात घट्ट, त्यामुळे उसवलेली थोडी लोकर उरली, ती त्यांनी गुंड्यावर गुंडाळून टाकली. लांबी दाराशी उभी राहून आतला श्वास ऐकत होती. मला वाटलं, आपण चोरी करतोय. पण दोघींचे डोळे इतके लाल झाले होते की रागही धड येईना.

चहाच्या वेळी सिस्टरने दुलई मांडीवर पसरली. "बघा, कशी सरळ आलीय! आणि लेक म्हणते, आई, तुझं लक्ष नसतं."

"काहीतरीच बोलते ती," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी सिस्टर व्हरांड्यात एकटीच बसली होती. तिने गुंड्यातून थोडा दोरा ओढला आणि थांबली. तो कुरळा होता. नवी लोकर गुंड्यातून सरळ निघते. एकदा विणून उसवली की टाक्यांच्या वळ्या तिच्यात राहतात, कितीही घट्ट गुंडाळली तरी. घाईत बाईंच्या हे लक्षात आलं नव्हतं.

सिस्टरने दोघींना बाहेर बोलावलं आणि दोरा पुढे धरला.

"हे कुणी केलं?"

बाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"पहिल्यांदाच केलंत?"

लांबी खाली बसली. "मागच्या वर्षी शाल... तीसुद्धा."

सिस्टर हळू म्हणाली, "गेल्या वर्षी लेक मला डॉक्टरकडे नेणार होती. मी गॅस चालू ठेवून बाहेर जात होते म्हणून. मी तिच्यापुढे ती शाल टाकली. म्हटलं, मोजून बघ, एक टाका चुकलेला नाही, मला काय धाड भरलीय? तिने मोजली. मग माफी मागितली माझी."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं," बाई रडायला लागल्या.

"एक बोळा कमी भरल्यावर मी म्हटलं असतं, असू दे, डॉक्टरांना वाईट वाटेल? कमी पडलेला आकडा मोठ्याने सांगायचा असतो. तेवढ्यासाठीच मोजतात."

तिने बाईंच्या नऊ ओळी स्वतःच्या हाताने उसवल्या. मग मला धरलं. "मी मोठ्याने मोजते. चुकले की सांगा."

एका ओळीत त्यांनी सात वेळा सांगितलं. सातव्यांदा लांबीने नुसता हात वर केला. सिस्टरने मला खाली ठेवलं. दुपारच्या बसमध्ये तिघी शेजारी शेजारी बसल्या, पण कुणी पिशवी उघडली नाही.

डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर निदान घसरण थोडी लांबवता आली असती.

आता सिस्टर लेकीकडे असते. मी टेलिफोनजवळच्या पेल्यात, बंद पडलेल्या पेनांमध्ये उभी असते. दुलई दुकानातून विकत आणली. सिस्टरला लोकर कुणी देत नाही. गुंता करेल आणि मग चिडेल म्हणतात. पण ती कधीकधी मला उचलते. बोटं अजूनही बरोबर जागी बसतात. मग ती बोट वर करते आणि दोऱ्याशिवाय, नुसत्या हवेत विणते. "अकरा, बारा, तेरा, पंधरा, सोळा..."

"छान चाललंय हं, आई," लेक स्वयंपाकघरातून म्हणते.

सिस्टर थांबते. दाराकडे बघत राहते, कुणीतरी काहीतरी सांगायचं राहिल्यासारखी. माझी चोच वाकडी आहे, तिच्यातून शब्द निघत नाही. तुम्ही कधी त्या घरी आलात तर तिच्याशेजारी बसा. गोड बोलू नका. एवढंच म्हणा, "सिस्टर, चौदा राहिले."