कड्यावरचं कुसळ

देवरुखच्या डॉक्टरांनी राहीच्या कानातून चिमट्याने कुसळ ओढून काढलं आणि मी ओरडले, "टाकू नका!"

विनीत माझ्याकडे बघतच राहिला. आमची चार वर्षांची लेक हुंदके देत होती आणि तिची आई ते कुसळ औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळत होती.

"पडदा शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "विचारलं नाहीत, म्हणून सांगतो."

लागलंच ते. पण गावावरच्या डोंगरात मला सापडलेलं गवत कुठल्याच जातीशी जुळत नव्हतं. नवी जात म्हणून वर्णन लिहायचं तर पिकलेलं कणीस हवं, आणि सलग दोन वर्षं मी वर पोचेपर्यंत लोकांनी गुरांसाठी डोंगरावरचं गवत कापून नेलेलं. घरी येऊन भिंगाखाली धरलं. तेच! बुडाशी सोनेरी केस, दोनदा मुरडलेलं कुसळ, दाणा भरलेला.

कॉलेजच्या सरांना फोन केला. "अभिनंदन! आता नेमकं ठिकाण सांग. ठिकाणाशिवाय नमुना फुकट."

ठिकाण? राही डोंगरावर कधी गेलीच नव्हती. घर ते अंगणवाडी, एवढंच. गुरुवारी मी कॉलेजात असते तेवढा वेळ ती सासऱ्यांकडे.

"आप्पा, राहीला कुठे नेलं होतंत?"

आप्पा सुपारी कातरत होते. "कुठं म्हंजे? कड्यावर. दर गुरवारी जातो आम्ही दोघं."

"कड्यावर?"

"वरडतेस काय गो? मी गवत कापतो, ती गाणी म्हणते. विळ्याचा भरवसा नाय, म्हणून लांब बसवतो तिला, न कापलेल्या गवतात. एका जागची हलत नाय. तुझ्यासारखी घाबरट नाय ती."

सकाळी त्यांना घेऊन वर गेले. आप्पांनी कौतुकाने जागा दाखवली. कमरेएवढ्या गवतात एका लहान पोरीच्या बसण्याने पडलेला खळगा, आणि भोवती, दोन वर्षं शोधलेली ती कणसं, पिकून झुकलेली. मी गुडघ्यांवर बसले. खळग्याच्या पुढचं गवत हाताने बाजूला केलं.

पलीकडे काहीच नव्हतं. थेट खाली गावाची कौलं दिसत होती.

कणसं मोजायला आणलेली टेप मी खळग्यापासून काठापर्यंत धरली. अडतीस सेंटिमीटर. मी नुसतं गवत दाबून धरलं. आप्पा वाकले, त्यांनी खाली बघितलं, मग हाताने वीत टाकली. दुसरी वीत पुरती मावली नाही.

ते तिथेच मागे सरकून बसले. विळा हातातून सुटला.

"मागच्या साली पुढं चार हात जमीन होती, गो," ते म्हणाले. "चार हात होती."