ओझेला उभी राहिली तेव्हा

व्हर्डेलचं बोट नर्सच्या परवान्याच्या अर्जातल्या सातव्या प्रश्नाशी येऊन पुन्हा थांबलं. सहा प्रश्नांना तिने फटाफट ‘नाही’ म्हटलं होतं. अटक झाली का, नाही. औषधांची अफरातफर केली का, नाही. दुसऱ्या राज्याने परवाना काढून घेतला का, नाही. सातव्यापाशी तिने चष्मा काढला, ॲप्रनला पुसला, पुन्हा लावला, आणि संगणकाच्या पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली.

“तीस वर्षं लोकांना सुया टोचतेस,” शेगडीपाशी उभी असलेली तिची धाकटी बहीण नेटी म्हणाली, “आणि एक बटण टोचवत नाही तुझ्याने?”

“वाचतेय.”

“दर दोन वर्षांनी तेच तर विचारतात. मागच्या खेपेला केस विंचरता विंचरता भरला होतास.” नेटीने चवळीच्या पातेल्यात डाव फिरवला. “पाचला अर्ज घेणं बंद होतं म्हणालीस ना? आज एकतीस तारीख. उद्यापासून तू नर्स नाहीस, नुसती माझी बहीण. आणि त्याचा पगार मिळत नाही, सांगून ठेवते.”

व्हर्डेल हसली. हसू अर्ध्यावरच ओसरलं.

परवाना देणाऱ्या मंडळाला हवे असलेले अभ्यासाचे तास तिने ऑक्टोबरातच पुरे केले होते. त्यातला एक पाठ पक्षाघात वेळीच कसा ओळखावा याचा होता. त्यात तिला शंभरपैकी शंभर मिळाले होते. ते प्रमाणपत्र उघडून बघण्याचं धाडस तिला अजून झालं नव्हतं.

नेटी पातेलं टॉवेलात गुंडाळून चर्चला पोहोचवायला गेली. वर्ष सरतानाची प्रार्थना आज तिथे होणार होती आणि नंतरच्या जेवणाची चवळी दरवर्षी याच घरातून जायची. दार लागलं. घर शांत झालं, आणि त्या शांततेत व्हर्डेलला ऑर्गन ऐकू येऊ लागला.

जूनपासून तो असाच येत होता. आधी एकच खालचा सूर, मग त्यावर चढत जाणारा रेव्हरंड टॉलिव्हरांचा आवाज. जूनमधल्या त्या रविवारी प्रवचनात ते काय गायले होते! सुरुवातीला शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलत होते. मग शब्दांना लय आली, लयीला सूर आला, आणि बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं ते कुणालाच कळलं नाही. ऑर्गन ओळीओळीला झील धरत होता. बायबलातल्या गोष्टीतल्या कोरड्या हाडांमध्ये श्वास भरला जात होता. अख्खं चर्च पायांवर उभं होतं.

आणि तेव्हा ओझेला हार्ग्रोव्ह उठली.

चाळीस वर्षांत ओझेलाच्या अंगात देव संचारला नव्हता. बाया नाचायच्या, रडायच्या, आडव्या पडायच्या. ओझेला मांडीवर पर्स ठेवून मान डोलवायची. “ओझेलाला देवसुद्धा भेटीची वेळ घेऊन भेटतो,” असं सगळे तिला चिडवत. ती त्या दिवशी उठली, उजवा हात वर फेकला आणि कुणालाही न कळणारं काहीतरी बोलली. चर्च आनंदाने गर्जलं.

चर्चच्या सेविकांमध्ये त्या दिवशी व्हर्डेलची पाळी होती. पांढरा झगा, पांढरे मोजे, हातात पुठ्ठ्याचा पंखा. सेविकेचा नेम साधा आहे: संचार झालेल्या बाईला अडवायचं नाही. चष्मा काढून घ्यायचा, पडली तर झेलायचं, गुडघ्यांवर कापड टाकायचं, वारा घालायचा. व्हर्डेलने चष्मा काढून घेतला. तेव्हाच तिला दिसलं की डावा हात वर आलेला नाही. ओठांचा डावा कोपरा खाली ओघळला आहे.

इस्पितळात असती तर ती ओरडली असती. इथे रेव्हरंड टिपेला पोहोचले होते. चाळीस वर्षं वाट बघितलेला क्षण होता. देवाचं काम मी कोण थांबवणार, असं तिच्या मनात आलं, आणि ती ओझेलाला वारा घालत राहिली. अकरा मिनिटं. मागच्या भिंतीवर घड्याळ होतं.

तिसऱ्या दिवशी ओझेला गेली. लोक म्हणाले, काय भाग्यवान मरण, देवाच्या हातात हात देऊन गेली.

तेव्हापासून इस्पितळात व्हर्डेलला वाकडे ओठ दिसू लागले. धडधाकट माणसाच्या, जांभई देणाऱ्याच्या, हसणाऱ्या बाईच्याही. एका महिन्यात चार वेळा तिने धावपळ करून डॉक्टर गोळा केले. चारही वेळा काही नव्हतं. पाचव्या वेळी खरोखरच पक्षाघात होता, आणि ती हललीच नाही, कानात ऑर्गन वाजत होता. बरोबरच्या मुलीने तिला ढकललं म्हणून निभावलं.

सातवा प्रश्न होता: ‘मागील नूतनीकरणानंतर, शरीराच्या किंवा मनाच्या एखाद्या अवस्थेमुळे सुरक्षितपणे शुश्रूषा करण्याच्या आपल्या क्षमतेवर परिणाम झाला आहे का?’ ‘नाही’ म्हटलं की दोन मिनिटांत नवा परवाना. ‘हो’ म्हटलं की चौकशी, आणि सोमवारची पाळी नाही. कदाचित पुढची कुठलीच नाही.

मागच्या दारावर टकटक झाली. ओझेलाचा नवरा, चर्चमधला डीकन लेमुएल, कोलार्डच्या कोवळ्या पालेभाजीची मोठी जुडी घेऊन उभा होता.

“तिनेच लावली होती,” तो म्हणाला. “दर नवीन वर्षाला ओझेला तुला द्यायची. आता मला कुठे शिजवता येतंय?”

“आत या, डीकन. बसा.”

तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. पडद्याकडे बघून म्हणाला, “सरकारी काम दिसतंय.”

“परवाना.” व्हर्डेलने जुडी ओट्यावर ठेवली आणि पाठमोरी राहूनच बोलली, “डीकन, त्या दिवशी मला दिसलं होतं. तिचं तोंड. संचार नव्हता, हे मला कळलं होतं. मी पंखा हलवत राहिले.”

ती वळली तेव्हा तो टोपीची कड बोटांत फिरवत होता.

“त्या सकाळी ती म्हणाली होती, हाताला मुंग्या आल्यात,” तो म्हणाला. “म्हणाली, व्हर्डेलला सांगू नका, ती मला इस्पितळात डांबेल आणि माझं प्रवचन बुडेल. मी नाही सांगितलं. ती उठली तेव्हा मी अर्धा उभा राहिलो होतो. मग तुझ्याकडे बघितलं. तू शांतपणे वारा घालत होतीस. म्हटलं, व्हर्डेल आहे ना तिथे. बसलो खाली.”

व्हर्डेलने ओट्याची कड घट्ट धरली.

“दोष द्यायला नाही आलो, पोरी. देता आला असता तर जूनमध्येच आलो असतो.” त्याने पडद्याकडे हनुवटी उडवली. “काय काय विचारतात त्यात?”

तिने सातवा प्रश्न वाचून दाखवला.

“तुला निदान कुणीतरी विचारतंय,” लेमुएल म्हणाला. “मला सहा महिन्यांत एकाने नाही विचारलं. सगळे म्हणतात, भाग्यवान मरण. मी ‘आमेन’ म्हणतो.” तो खुर्चीत सरळ झाला. “तू विचार मला.”

“डीकन...”

“विचार. आता वाचलंस तसंच.”

ती समोर बसली आणि पुन्हा वाचू लागली. परिणाम झाला आहे का, इथपर्यंत. चर्चमध्ये प्रार्थना उचलून धरताना द्यायचा तसा, ठाम आणि मोकळ्या आवाजात, त्याने उत्तर दिलं.

“हो.”

पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. व्हर्डेलने ‘हो’वर खूण केली. खाली एक रिकामी चौकट उघडली: कृपया सविस्तर लिहा. तिने ओझेलाचं नाव लिहिलं, मग वार, मग चर्चचं नाव. पुढे बोटं चालेनात.

लेमुएलने खुर्ची सरकवून तिच्याजवळ आणली आणि डोळे बारीक करून अक्षरं वाचली.

“मीही तिथे होतो,” तो म्हणाला. “तेही लिही.”