वाटीचा पोचा

घड्याळजींना वाकडं म्हणून बघवत नसे. भिंतीवरची तसबीर केसभर कलली, तरी हातातला घास टाकून उठत. दुसऱ्यांच्या घरी गेले तर दुसऱ्यांच्या तसबिरी सरळ करत. चाळीस वर्षं लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला एवढी खोड माफ असावी. त्यांच्या बायकोने ती माफ केलीही होती, पण एका अटीवर. तिच्या साबण करायच्या सामानातल्या वाटीला त्यांनी हात लावायचा नाही.

ती स्टीलची वाटी एका अंगाने चांगली लिंबाएवढी चेपलेली होती. "दोन मिनिटांत पोचा काढून देतो," घड्याळजी दरवर्षी म्हणत. "घड्याळं दुरुस्त करा, वाट्या राहू द्या," हे उत्तर दरवर्षी मिळे. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. नवराबायकोत काही प्रश्न विचारायचे राहून जातात, आणि मग विचारायला माणूस उरत नाही.

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की ओळखीतल्या प्रत्येकाला तिच्या हातचा एक साबण गेलाच पाहिजे, असा तिचा नेम होता. वास ठरलेला, संत्र्याची वाळवलेली साल आणि लवंग. दोन महिने आधी ती साबणाचा घाणा घालायची. पाण्यात कॉस्टिक सोडा सोडायचा, सोड्यावर पाणी चुकूनही ओतायचं नाही. निवाला की तेलात ओतून डाव जड होईपर्यंत घोटायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि मऊ असतानाच रबरी मोजा घालून प्रत्येकीवर अंगठा दाबायचा. "ही माझी सही," ती म्हणायची. मग कोठीच्या खोलीत फळीवर वाळवण. दर रविवारी चार वाजता प्रत्येक वडी उलटायची, म्हणजे दोन्ही अंगं सारखी सुकतात. आणि पुडीत बांधण्याआधी एका वडीला जिभेचं टोक लावून बघायचं. चटका बसला तर सोडा जास्त झाला, सगळा घाणा टाकून द्यायचा.

यंदा तिने चोवीस वड्या पाडल्या, आणि त्याच आठवड्यात, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हूं नाही की चूं नाही.

त्या रविवारी वड्या उलटायचं कुणाला सुचणार? सोमवारी घड्याळजी कोठीत गेले, तर चोवीसच्या चोवीस वड्या उलटलेल्या, अंगठे खाली. लेकीने केलं असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पुढच्या रविवारपर्यंत लेक तिच्या घरी परत गेली होती. घड्याळजींनी कोठीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दाराबाहेर स्टूल घेऊन बसले. चारचे टोले पडले. आत काही वाजलं नाही. पाच मिनिटांनी त्यांनी कुलूप काढलं. अंगठे वर आले होते, आणि खोलीत लवंगेचा वास दाटला होता, घोटताना यायचा तसा.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीहून आनंद मोठा होता. दारातूनच ते म्हणाले, "अगं, मला सांगायचंस ना, मी उलटल्या असत्या." सगळा जन्म ती बोलायची आणि हे ऐकायचे, आता पाळी बदलली होती.

तिथून त्यांच्या डोक्यात किडा शिरला. सुट्ट्या लागल्या की या वड्या वाटायच्या. म्हणजे तिचा अंगठा घरोघर जाणार, कुणाकुणाच्या न्हाणीघरात विरघळणार, आणि वड्यांमागोमाग तीही जाणार. ते होऊ द्यायचं नव्हतं. इकडे लेक फोनवर बजावत होती, "बाबा, आईने सगळ्यांना शब्द दिलाय. मी येते, आपण दोघं वाटू." लेक आईच्या वळणावर गेलेली, तिच्यापुढे त्यांचं काही चालत नसे. मग त्यांनी शक्कल लढवली. आपण दुसरा घाणा घालायचा, तो वाटायचा, आणि तिचा ठेवून घ्यायचा. कुणाला कळणार?

तिची वही होती, सामान होतं. वहीत लिहिलं होतं: 'सोडा एक वाटी.' वाटी हातात आली आणि हात शिवशिवले. आता रागावणार कोण? तिची वस्तू नीट असावी, असंही त्यांना मनापासून वाटलं. लाकडी हातोडीने त्यांनी तो पोचा आतून ठोकून काढला, इतक्या सफाईने की वाटी कालच दुकानातून आणलीय असं वाटावं. मग त्या वाटीने काठोकाठ सोडा मोजला.

त्यांच्याही चोवीस वड्या झाल्या. त्यांनीही अंगठा दाबला, तो भलताच रुंद उमटला. तिच्या वड्या त्यांनी पंच्यात गुंडाळून कपाटात, तिच्या कपड्यांखाली दडवल्या आणि फळीवर आपल्या मांडल्या. त्या मात्र कुणी उलटल्या नाहीत. रविवारी चारला ते स्वतःच उलटत. त्याच वेळी पलीकडच्या खोलीत, बंद कपाटातून कापड सरकल्याचा आवाज येई. ते न ऐकल्यासारखं करत.

सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी लेक आली. संध्याकाळी दोघं पुड्या बांधायला बसले. वड्या घड्याळजींनीच गुंडाळल्या, रुंद अंगठा लेकीला दिसू नये म्हणून. वहीतल्या यादीवरून तिने नावांच्या चिठ्ठ्या केल्या, तेवीस भरल्या.

"आईने तर चोवीस पाडल्या होत्या ना?"

"एखादी जास्तीची असेल."

"जीभ लावून बघितलीत?"

"त्याची काय गरज? सगळं मापात आहे." हे वाक्य त्यांना नंतर फार दिवस ऐकू येत राहिलं.

सकाळी तेवीस पुड्या टोपलीत लावल्या, नावं वर. घड्याळजी चहा ठेवून आले, तर सगळी नावं खाली. त्यांनी एकेक पुडी सरळ केली. कप घेऊन परत आले, तर पुन्हा खाली, आणि एक पुडी कमी. ती लेकीने नेली होती. यादीत पहिलं नाव वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाचं होतं.

"कळलं, कळलं!" घड्याळजी रिकाम्या खोलीवर ओरडले. "तुझ्या नाहीत या, माझ्या आहेत. केली मी लबाडी! मला तू हवी आहेस घरात, म्हणून केली!"

स्वयंपाकघरात काहीतरी ठणकन पडलं. ते आत गेले. फरशीवर वाटी गरगरत होती, मग थांबली. त्यांनी ती उचलली. एका अंगाने चेपलेली होती, चांगली लिंबाएवढी, अगदी जुन्याच जागी.

घड्याळजींचं डोकं मापाचं होतं, त्याला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं तिची एक वाटी म्हणजे पोचा वजा जाता एक वाटी. तिचं सगळं माप त्या वाकडेपणावर बसलेलं होतं, आणि तो त्यांनी सरळ केला होता. लिंबाएवढा सोडा जास्त पडला होता. त्यांनी एक पुडी फाडली आणि वडीला जीभ लावली. बॅटरीच्या टोकाला लावावी तसा चटका मस्तकात गेला.

ते जिन्याकडे धावले. गुडघे दुखत होते ते विसरले. वर दार उघडंच होतं. टबात कोमट पाणी, पाण्यात बाळ, आणि बाळाच्या आईच्या ओल्या हातात फेसाळलेली वडी.

"नको! लावू नको!" त्यांनी वडी हिसकावली. बाळ भोकाड पसरून रडायला लागलं. बाळाला साबण अजून लागला नव्हता, पण आईचा तळवा लाल झाला होता. घड्याळजींनी तो नळाखाली धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही. दारात उभी राहून लेक बघत होती.

उतरताना, जिन्यातच, त्यांनी तिला सगळं सांगितलं. कोठी, कुलूप, कपाट, वाटी.

"बाबा, आई घरात टिकायची कधी? सदा याच्या त्याच्याकडे. तुम्ही तिला कपाटात कोंडलंत?"

"हो," घड्याळजी म्हणाले. "मला करमत नाही गं."

कपाटातल्या वड्या अंगठे वर करून पडल्या होत्या. त्यांनी एकीला जीभ लावली. नुसता साबण होता, जुन्या वर्षांसारखा. त्याच चिठ्ठ्या लावून तेवीस पुड्या झाल्या आणि दुपारपर्यंत दोघांनी तेवीस दारं केली. लोक पुडी घेत आणि आधी वास घेत. बाळाच्या आईने डाव्या हाताने घेतली.

घरी आले तेव्हा टोपलीत एक वडी राहिली होती. टेबलावर वही पडली होती आणि यादीचं पान उलटलेलं होतं. "मी नाही उलटलं," लेक हळूच म्हणाली. पानाच्या मागे एकच ओळ होती, बायकोच्या अक्षरात. 'चोवीस: आमचे हे. दरवर्षी राहून जातात.'

घड्याळजी खुर्चीत बसले, तिच्याच, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

ती वडी त्यांनी कोठीत फळीवर ठेवली, अंगठा वर. रविवारी कुलूप घालून स्टुलावर बसले. चार वाजले. दार उघडलं, तर अंगठा वरच होता. पुढच्या रविवारीही वरच. लवंगेचा वास दाटला नाही. ती कामाला आली होती आणि काम संपलं होतं. वाटी त्यांनी पोच्यासकट सामानात ठेवून दिली.

तिसऱ्या रविवारी त्यांनी वडी न्हाणीघरात नेली. तिच्या अंगठ्याचा खळगा एवढासा, त्यांचा अंगठा त्यात मावेना. तरी ते रोज त्याच वडीने हात धूत राहिले. पाण्याने खळगा रुंदावत गेला, वडी झिजत गेली. एका सकाळी त्यांचा अंगठा त्यात अचूक बसला. नळ वाहत होता. त्यांनी तो बंद केला नाही आणि अंगठाही काढला नाही.