नेटवर्कबाबांचा डावा कान

हॉल गच्च भरला होता. व्यासपीठावर नेटवर्कबाबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या मांडीला टेकून एक टोपली होती. भक्तांनी आपले चालू मोबाइल त्या टोपलीत ठेवायचे, असा तिथला दंडक. एकाएकी बाबांनी हात वर केला.

"हाक निघालीय. आलीच."

मनात तीन आकडे मोजेपर्यंत टोपलीतला एक फोन वाजला. हॉलभर सुस्कारे उमटले.

त्या गर्दीत सर्वांत मोठा गाढव मी. मोबाइल कंपनीचे टॉवर सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली. आठवड्यापूर्वी बाबांनी मला चहाला बोलावलं होतं. रोमिंग म्हणजे काय हो साहेब? हँडओव्हर? कंजेशन? घरी मला असलं कोणी विचारत नाही. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि तासभर बोललो. आता तेच शब्द व्यासपीठावरून माझ्या अंगावर येत होते.

"देह म्हणजे हँडसेट, आत्मा म्हणजे सिम. मरण म्हणजे हँडओव्हर. कॉल तुटत नाही, नुसता टॉवर बदलतो. आणि औषध? औषध म्हणजे जॅमर, बाळांनो. वरचा सिग्नल अडवतं."

हँडओव्हर त्यांनी अगदी बरोबर सांगितलं, याचा मला अभिमान वाटला. मी पुढे होऊन सर्वांदेखत वाकलो. "नेटवर्कचे साहेबसुद्धा वाकले," अशी कुजबुज झाली, तीही मला आवडली. शेजारी माझी थोरली बहीण बसली होती. बारा वर्षं ती रोज इन्सुलिन टोचून घेत होती.

चार दिवसांनी ताई आमच्याकडे जेवायला आली. तिचे ओठ सुकले होते आणि ताटाला हात न लावता ती पाण्याचा चौथा पेला पीत होती.

"सुई बंद केलीय मी," ती म्हणाली. "सिग्नल अडतो."

"ताई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"बाबांना विचारल्याशिवाय नाही."

तेवढ्यात पलीकडे जेवत बसलेल्या आमच्या वडिलांनी, अप्पांनी, तोंड वाकडं करून कानावर हात धरला. "उचल रे तो तुझा फोन."

फोन त्यांच्या ताटाशेजारी मुका पडला होता. "कुठे वाजलाय, अप्पा?" मी म्हणालो, आणि तो वाजला.

अप्पा वर्षानुवर्षं हे करतात. त्यांचं श्रवणयंत्र जुनं आहे. फोन जवळ असला की तो वाजण्याआधीच यंत्र टर्रटर्र करतं आणि अप्पा वैतागतात. मी त्याला म्हातारपणाची किरकिर समजत होतो. बाबांच्या डाव्या कानातही तसलंच यंत्र होतं. ते पाहून मी हळहळलोही होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही वीस वर्षांचा.

बाबांना विचारायला ताई तयार होतीच. तसेच आम्ही तिघं हॉलवर गेलो. अप्पा सरळ टोपलीशेजारी जाऊन बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आला." बाबांचा हात तेव्हा कुठे अर्ध्यावर होता. फोन वाजला. पुन्हा तसंच झालं.

"महाराज, आपण दोघं समदुःखी," असं म्हणत अप्पांनी आपलं यंत्र काढलं. "तुम्हीही काढा. बघू कोणाला ऐकू येतं."

सगळ्यांच्या नजरा बाबांच्या कानावर खिळल्या. त्यांना यंत्र काढावं लागलं. त्यानंतर तीन फोन वाजले आणि बाबांचा हात मांडीवरून हलला नाही.

"कंजेशन आहे, लाइनवर गर्दी," बाबा पुटपुटले. हाही शब्द मीच शिकवलेला.

मग मी माइक घेतला. फोन वाजण्याआधी टॉवर त्याला शोधतो आणि फोन टॉवरला उत्तर देतो. आपल्या भागात बरेच कॉल अजून जुन्या टूजीवरून जातात. त्या उत्तराच्या लहरींनी जवळच्या जुन्या श्रवणयंत्रात खरखर होते. टोपली मांडीला टेकून असते ती त्यासाठीच. दहा हात दूर ठेवा, चमत्कार बंद. हे मी दरवर्षी कंपनीतल्या नव्या पोरांना शिकवतो, हे मात्र लाजेने सांगितलं नाही.

दवाखान्यात ताईला सलाइन लागलं. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "असल्या माणसावर विश्वास कसा ठेवलास?"

"त्याच्यावर कुठे ठेवला?" ताई म्हणाली. "तू वाकलास, म्हणून मी सुई सोडली."

म्हणून हात जोडून सांगतो. चमत्कार दिसला की आधी टोपली लांब सरकवून बघा. औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा. आणि कोणी शिकलेला साहेब वाकला म्हणून तुम्ही वाकू नका. तो आदल्या आठवड्यात तिथे चहा पिऊन आलेला असेल.