पुलाच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे

दुपारी जेवण झालं की मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो, गादीवर आडवा होतो, लोडावर डोकं टेकतो आणि फिनलंडला जातो. सोलापुरात दुपारी झोपणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. नवी पेठेत त्या वेळी गिऱ्हाईकही फिरकत नाही, रिक्षावालेसुद्धा आपापल्या रिक्षात पाय वर करून पडलेले असतात. त्यामुळे माझ्या या परदेशवारीला आजवर कोणाची हरकत आलेली नाही.

माझी मुलगी चंद्रिका तिथं शिकायला आहे. इथं आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती, एक्स्चेंजवर तिची निवड झाली आणि ऑगस्टात गेली. पहिलं सत्र डिसेंबरपर्यंत. मनात असलं तर पुढचं मेपर्यंत. गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. कोणी विचारलं की "उत्तरेला हाय, लई उत्तरेला" असं सांगून मी मोकळा होतो.

जाताना मी तिच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. होस्टेलवरून युनिव्हर्सिटीत चालत जाताना फोनात बोलत जायचं आणि ते रेकॉर्डिंग मला पाठवायचं. फोटो नकोत. फोटो एकदा बघितला की संपतो. माझ्या वडिलांनी मला कापडाचं ठाण डोळे मिटून ओळखायला शिकवलं. रंग डोळ्याला भुलवतो, पोत बोटांना भुलवत नाही, असं ते म्हणायचे. म्हटलं, पोरीचं गाव आपण कानानं ओळखू.

"अप्पा, जिना उतरले. दारात लाल सायकल, कुणाची माहीत नाही, कायम इथंच असते. उजवीकडं वळले. ही बेकरी. वेलदोड्याचा वास येतोय, आपल्याकडं सणाला येतो तसा. आता पांढऱ्या सालीची झाडं, ओळीनं उभी. आता पूल आला..."

गादीवर पडून ऐकताना पूल आला की मला झोप लागायची. रोज, हमखास. चंद्रिका पुढं बोलतच असणार, पण पुलाच्या पलीकडं मी जागेपणी कधी गेलो नाही. पलीकडचं गाव मी झोपेत आपल्या सोयीनं वसवलं होतं. पूल उतरला की डाव्या हाताला राजाबाई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसते ती फुलवाली, शेवंतीची टोपली घेऊन बर्फात बसलेली असायची. तिच्या मागं सिद्धेश्वराचं तळं, काठापर्यंत गोठलेलं, आणि लोक चपला हातात घेऊन बर्फावरून मंदिराकडं निघालेले. कुणालाच थंडी वाजत नसे. माझी बायको दानम्मा वरच्या घरातून चहा घेऊन खाली यायची तेव्हा मी त्या गर्दीत निम्म्या तळ्यात पोचलेला असायचो. तिनं हाक मारली की मला राग यायचा.

नोव्हेंबरात तिथं खरोखरचा बर्फ पडला आणि तिच्या बोलण्याखाली एक नवा आवाज सुरू झाला. कुर्र, कुर्र. कडक भाकरी मोडताना येतो तसा. तो तिच्या बर्फावरून चालण्याचा आवाज होता. मला तो इतका आवडला की शब्दांकडं लक्षच जाईना.

मग एके दिवशी तो आवाज आला नाही.

शब्द तेच होते. जिना, सायकल, बेकरी, झाडं, पूल. पण खाली कुर्र नाही, वारा नाही, गाडीचा हॉर्न तर तिथं नसतोच. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी तिला लिहिलं, बर्फ वितळला का? "हो अप्पा, वितळला," तिचं उत्तर. मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मी मानलं. पण झोप काही लागेना. गादीवर पडून नुसता छताचा पंखा बघायचो.

दानम्मा फोनवर हवामान बघते. तिच्या फोनात आधी त्या गावाचं तापमान येतं, मग सोलापूरचं. चहा घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "उणे सतरा हाय की. लई दिवस झालं असंच हाय. बर्फ कुटं जातोय?"

मला आधी राग आला. लेक खोटं बोलली याचा नव्हे, माझ्याशी बोलली याचा. मग राग ओसरला आणि भीती वाटली. पावलांचा आवाज नाही म्हणजे पोरगी चालत नाही. चालत नाही म्हणजे खोलीत आहे. एवढ्या लांब, एका खोलीत, किती दिवस झाले देव जाणे. दानम्माला सांगितलं तशी ती गादीच्या कडेला टेकली.

"बोलवून घ्या तिला," ती म्हणाली. "न्हाय शिकली पुढं तर न्हाय. शुक्रवारी कळवायचं हाय तिला, राहनार का येनार. येते म्हनून कळवू दे."

माझ्याही मनात तेच होतं. मी फोन लावला. तिथं सकाळ होती, निदान घड्याळात तरी.

"चंद्रे," मी म्हणालो, "तुझी पावलं कुटं गेली?"

"अप्पा, इथं सकाळच होत नाही," ती म्हणाली. "उठावं म्हटलं तर बाहेर रात्रच असते. एक दिवस नाही गेले. मग दुसऱ्या दिवशी जाता येईना. आता वर्गात तोंड कसं दाखवू?"

"मग रोज सांगत होतीस ते?"

"पलंगावर बसून. त्याशिवाय तुम्हाला झोप लागत नाही ना."

मी इकडं तिच्या जिवावर तळ्यावरून फिरत होतो आणि ती तिकडं भिंतीकडं बघून मला अंगाई म्हणत होती. दानम्मानं पदर डोळ्याला लावला.

"परत येऊ का, अप्पा?"

दानम्मा मानेनं सांगत होती, ये म्हणा, ये म्हणा. 'ये' माझ्या अगदी ओठांवर होतं.

"यायचं असंल तर ये," मी म्हणालो. "पण त्या खोलीतनं येऊ नको. त्या गावातनं ये. बूट घाल आधी."

"आत्ता?"

"आत्ता. मी हाय की संगं. वाट मला पाठ हाय."

मी लोडाला टेकलो आणि डोळे मिटले. कपाटाचं दार वाजलं, चेन ओढल्याचा आवाज आला. पण खोलीचं दार काही उघडेना. ती दाराशी उभी असणार. ती चालायला शिकली तेव्हा याच गादीच्या कडेला धरून उभी राहायची, हात सोडायची नाही. तेव्हा जे म्हणायचो तेच तोंडातून आलं, आमच्या घरच्या कानडीत.

"नडी, मगळे. नडी." चल पोरी, चल.

दार उघडल्याचा आवाज आला.

"जिना उतर. सायकल हाय का?"

"आहे. सीटवर बर्फाची उशी झालीय."

"उजवीकडं वळ."

कुर्र. थांबली. कुर्र, कुर्र. दानम्मानं माझं मनगट घट्ट धरलं.

"बेकरी आली?"

"आली."

"कायतर घे म्हनावं," दानम्मा कुजबुजली. "पोटात कायतर जाऊ दे." तेवढंही पोरीनं ऐकलं. दाराची घंटा वाजली, कोणीतरी तिच्याशी दोन शब्द बोललं, तीही काही बोलली. मग तोंडात घास ठेवून म्हणाली, "गरम आहे."

झाडं गेली. मी एकेक सांगत होतो, ती "हं" म्हणत होती, आणि मला कळेना की मी तिला नेतोय की ती मला. बाहेर पेठ गपगार होती. गादीखाली बर्फ असल्यासारखं वाटत होतं.

"अप्पा, पूल आला. पार केला. पुढं?"

पुढं मी जागेपणी कधी गेलोच नव्हतो. पण थांबलो असतो तर तीही थांबली असती.

"पुढं डाव्या अंगाला राजाबाई बसली असंल," मी म्हणालो. "शेवंती घेऊन."

पलीकडून एक आवाज आला, तो आधी मला रडण्याचाच वाटला. ती हसत होती. थांबत होती, पुन्हा हसत होती.

"अप्पा, राजाबाई? इथं?"

"का? न्हाय का?"

"नाही हो."

"मग काय हाय तितं? मला ठाऊक न्हाय, मी पुलावरच झोपतो."

"रोज?"

"रोज."

"मलाही नीट आठवत नाही आता. थांबा, बघून सांगते."

आणि ती चालायला लागली. पिवळ्या लाकडी घरांची रांग आहे म्हणाली, एका घराच्या धुराड्यातून सरळ वर धूर जातोय, आणि खाली, झाडांच्या बुंध्यांशी, थोडासा सूर्य आलाय. जास्त नाही, म्हणाली, पण आहे. तळं नव्हतं. खरं सांगतो, मला जरा वाईट वाटलं. सिद्धेश्वराचं तळं तिथं शोभलं असतं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर पार युनिव्हर्सिटीच्या दारापर्यंत जागा राहिलो.

"शुक्रवारी काय कळवू?" दारात तिनं विचारलं.

"ते उद्या चालता चालता ठरव," मी म्हणालो. "आता आत जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला. मी शटर ओढलं, आडवा झालो, फोन छातीवर ठेवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द नव्हता. नुसतं कुर्र, कुर्र, कुर्र. दानम्मा दोन पायऱ्या खाली येऊन वाकून ऐकत उभी होती.

"अवो, ही तर कायच बोलत न्हाय," ती म्हणाली.

"बोलते की," मी म्हणालो आणि डोळे मिटले.